वैजापूरहून न्यूयॉर्क किती लांब?

वैजापूर ते न्यूयॉर्क हे अंतर पृथ्वीच्या पाठीवरून सरळात सरळ मोजले, तर साडेबारा हजार किलोमीटरच्या किंचित वर भरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे अंतरही जवळजवळ तेवढेच आहे. फरक पडला तर दोन-चार किलोमीटरचा. वैजापूर हे मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत सुमारे २१५ किलोमीटर दूर आहे. म्हणजे घरून निघून, घाट उतरून मुंबई गाठलेला प्रवासी पाच तासांनंतरही न्यूयॉर्कच्या जवळ सरकलेला नसतो.

याचे कारण दिशेत आहे. अमेरिका पश्चिमेला आहे असे आपण शाळेपासून ऐकतो, पण मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट सुरुवातीला जवळपास उत्तरेकडे जाते, उत्तरेपासून पश्चिमेला जेमतेम २७ अंश झुकलेली. वैजापूर मुंबईच्या पूर्व-ईशान्येला आहे. या दोन दिशांमध्ये जवळजवळ काटकोन होतो. बांधावर उभे राहून समोरच्या दूरच्या डोंगराकडे पाहणारा माणूस डावीकडे किंवा उजवीकडे चार पावले सरकला, तरी डोंगर तेवढाच लांब राहतो. वैजापूर आणि मुंबई यांचे न्यूयॉर्कशी नाते तसेच आहे.

ही वाट कागदाच्या नकाशावर दिसत नाही, पृथ्वीच्या गोलावर दिसते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईला दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे न्यूयॉर्कला, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा स्वतःहून सर्वांत आखूड वाट शोधतो. मुंबईहून तो गुजरात ओलांडून सिंध-बलुचिस्तानात जातो, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान. तिथून मॉस्कोच्या जवळून, सेंट पीटर्सबर्गच्या अंगाने फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेवरून अटलांटिक महासागरात उतरतो. आइसलँड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक गाठून तो कॅनडाच्या लॅब्राडॉरवर येतो आणि वरून खाली न्यूयॉर्कला पोहोचतो. वाटेतला सर्वांत उत्तरेचा बिंदू सुमारे ६५ अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडा अलीकडे पडतो. ज्या वर्तुळावर हा दोरा बसतो त्याची कल्पित पातळी पृथ्वीच्या मध्यातून जाते, म्हणून अशा रेषेला बृहद्वृत्त म्हणतात.

भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी लावली तर वेगळीच वाट निघते. सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया, मोरोक्को आणि मग नुसता समुद्र. नजरेला हीच सरळ वाटते, पण तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर होते, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा सतराशे किलोमीटरने जास्त. गोल पृथ्वी कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग रबरासारखा ताणावा लागतो, त्यामुळे उत्तरेकडची आखूड वाट नकाशात लांबलचक कमान होऊन बसते. विमानातल्या पडद्यावर आपले विमान वाकड्या रेषेने का चालले आहे, असे पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांना हमखास वाटते. वाकडेपणा नकाशाचा आहे, विमानाचा नाही.

अंशावरून अंतर काढण्याची रीत या भागाला परकी नाही. वैजापूरच्या उत्तरेला कन्नड तालुका, आणि कन्नडपलीकडे घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागते. तिथला इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे आणि तो काढण्याची रीतही सांगितली आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्यावीत, त्यांच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यातले अंतर मोजावे. एवढ्या अंशांना एवढी योजने, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडावे. आजचा वैमानिक हेच त्रैराशिक उलट्या बाजूने वापरतो. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातला कोन सुमारे ११२.७ अंशांचा आहे. एका अंशाचे ६० भाग आणि प्रत्येक भागाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. ११२.७ ला ६० ने गुणले की सुमारे ६,७६० सागरी मैल येतात, आणि त्याचेच साडेबारा हजार किलोमीटर होतात. विमानांचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात तो या सोयीसाठीच. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

या हिशेबात एक बारीक गोष्ट राहते. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी छापलेल्या अंतरांत दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो. त्यात कोणाची चूक नसते. कोणी पृथ्वी चेंडूसारखी धरली, कोणी जराशी चेपलेली, इतकेच. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांत वीस हजार किलोमीटरच्या आसपासपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. वैजापूरच्या बरोबर पायाखालचा पलीकडचा बिंदू पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला, उघड्या पाण्यात पडतो. त्या मानाने न्यूयॉर्क अर्ध्याहून थोडे अधिक लांब आहे.

आता प्रत्यक्ष विमानाकडे यावे. दोऱ्याची वाट फुकट मिळते, आकाशाची वाट परवानगीने मिळते. प्रत्येक देशाच्या डोक्यावरचे आकाश त्या देशाच्या ताब्यात असते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली ती १६ जुलैला उघडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा हद्द बंद केली, आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दुसरीकडे, युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. ही दोन्ही कुलपे एकदम लागलेली असली की मुंबईहून एकाच रात्री न्यूयॉर्क परिसराकडे निघालेली दोन विमाने दोन वेगळ्या वाटांनी जातात. भारतीय कंपनीचे विमान पाकिस्तान टाळून आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकते, अमेरिकी कंपनीचे विमान पाकिस्तानावरून जाऊ शकते पण रशिया टाळते. दोन्ही विमानांचे सरळ अंतर तेच असले तरी प्रत्यक्ष उड्डाण काही शे किलोमीटरने वाढते. तिकीट घेताना हा फरक कुठेही छापलेला नसतो. तो फक्त प्रवासाच्या तासांत दिसतो, म्हणून तास नीट पाहावेत.

लांब पल्ल्याचे जेट विमान ३५,००० फुटांच्या आसपास तासाला साधारण ९०० किलोमीटर वेगाने हवा कापत जाते. साडेबारा हजारांना ९०० ने भागले की चौदा तासांना थोडे कमी येतात. पण हा वेग हवेतला आहे, जमिनीवरचा नाही, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. गोदावरीच्या प्रवाहात नाव वर नेताना आणि खाली सोडताना नावाड्याचा जोर तोच असतो, काठावरचे गाव मात्र वेगवेगळ्या वेळेत येते. विमानाच्या उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद आणि जोरकस प्रवाह वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो सर्वांत बलवान असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्याचा माग काढला आणि निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. ती भाषा वाचणारे थोडेच असल्याने ते जगाच्या लक्षात फार उशिरा आले.

पश्चिमेला जाताना हा वारा तोंडावर येतो. वाटेत सरासरी ताशी साठ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग ८४० उरतो आणि प्रवास पंधरा तासांच्या घरात जातो. परतीला तोच वारा पाठीशी आला तर वेग ९६० होतो आणि तेरा तास पुरतात. विमान तेच, अंतर तेच आणि वारा बेताचाच, तरी जाण्यायेण्यात दोन तासांचा फरक पडला. त्यात वळशाचे काही शे किलोमीटर आणि धावपट्टीवरचा वेळ मिळवला की मुंबई–न्यूयॉर्कच्या वेळापत्रकात सोळा तासांच्या आसपासचा आकडा का असतो आणि परतीचा आकडा त्याहून दीड-दोन तासांनी कमी का असतो, हे कळते.

वाऱ्यासाठी वाट किती बदलावी, याचे ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचे आहे. ते डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटिकवरून, पश्चिमेकडच्या वाटेने सुरू झाले. सुमारे १३,९०० किलोमीटरची ती वाट होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच फिरवली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी, कारण जेट प्रवाह सगळ्या वाटेत पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरते ती अशी.

वेळापत्रकातल्या वेळेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ती हवेतली वेळ नसते. चढावर उभ्या ट्रकच्या चाकाला दगड लावतात तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून मुक्कामी पुन्हा लावेपर्यंतची वेळ वेळापत्रकात धरतात, आणि तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत सरपटणे, रांगेत थांबणे, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे त्यात येते. जवळच्या प्रवासात हा भाग किती मोठा होतो ते चिकलठाणा विमानतळ ते मुंबई या उड्डाणात दिसते. सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर, वेळापत्रकात साधारण एक तास. ताशी २८० चा हा वेग न्यूयॉर्कच्या विमानाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. विमान कमजोर नसते. चढून सरळ होईतो उतरण्याची वेळ येते, पूर्ण वेगाने धावायला त्याला वाटच मिळत नाही.

लांब उड्डाणात प्रश्न वजनाचा असतो. बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे एक लाख ऐंशी हजार लिटर इंधन मावते. प्रवासाला लागेल तेवढे इंधन घेऊन भागत नाही. वारा अंदाजापेक्षा जास्त लागला तर थोडे वेगळे, मुक्कामाचा विमानतळ बंद असेल तर पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते वेगळे, आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके शेवटचे राखीव, असा हिशेब असतो. त्यातच, तापलेली हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. भरल्या टाक्यांनी उडणाऱ्या विमानाला म्हणूनच रात्रीची गार हवा आणि लांब धावपट्टी मानवते.

हे अंतर एका दमात कापणे नवीनच आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते १० तारखेला लंडनला पोहोचले. १४ मे १९६० पासून कंपनीची बोइंग ७०७ जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्कला जाणारे एअर इंडियाचे विमान सुरू झाले ते १ ऑगस्ट २००७ रोजी, बोइंग ७७७-२००एलआर आल्यावर.

आजही अनेक प्रवासी मध्ये थांबणारे विमान घेतात, आणि त्यात अंतर फारसे वाढत नाही. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर. बेरीज सरळ वाटेपेक्षा दोन-सव्वादोनशे किलोमीटरनेच जास्त, म्हणजे लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे वाढ चारशे किलोमीटरच्या आसपास होते, तीही अर्ध्या तासाच्या उड्डाणाएवढीच. एकवीस, चोवीस, कधी तीस तास लागतात ते विमानतळावर बसून राहण्यामुळे. वयस्कर माणसाला एकटे पाठवताना किलोमीटर पाहण्यापेक्षा हा मधला वेळ पाहावा. तो दोन तासांहून कमी असला तर पहिले विमान थोडे उशिरा पोहोचताच धावपळ होते, आणि आठ-दहा तासांचा असला तर खुर्चीवर रात्र काढावी लागते. तीन-चार तास हा बरा मेळ आहे.

घड्याळाचा घोळ याहून वेगळा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. वैजापूर ७५ अंशांच्या किंचित अलीकडे असल्याने तिथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागाहून. पूर्वी मुंबई आपली स्थानिक वेळ पाळत असे, ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तास उरतो. समजा, डिसेंबरात विमान मुंबईहून रात्री दीडला निघाले आणि सोळा तास उडाले. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेचे सकाळचे सात. तिकिटावर निघण्या-पोहोचण्याच्या वेळांत फक्त साडेपाच तासांचे अंतर दिसते. परतीचे विमान दुपारी बाराला निघून चौदा तास उडाले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपारची साडेबाराची वेळ असते. तिकिटावर साडेचोवीस तास दिसतात. म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी कधी करू नये. एकूण तास वेगळे छापलेले असतात, ते वाचावेत. तारखाही अशाच फसवतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणले. ते ९ तारखेला रात्री निघाले आणि सुमारे सतरा तास उडून ११ तारखेला पहाटे उतरले. १० तारीख हवेतच गेली.

शरीराचे घड्याळ मात्र तिकिटावर जुळत नाही. झोप आणि भूक नव्या वेळेवर यायला ढोबळ मानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. पूर्वेकडे येताना, म्हणजे परतल्यावर, बहुतेकांना त्रास अधिक होतो. दिवसा उजेडात फिरणे आणि दुपारची लांब झोप टाळणे याचा उपयोग होतो. रोजच्या गोळ्यांच्या वेळा, विशेषतः इन्सुलिनच्या, निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या बऱ्या.

वैजापूरकरांसाठी राहिला तो घर ते विमानतळ हा टप्पा. साईनगरीजवळ काकडी इथले शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले. वैजापूरपासून ते सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर आहे, चिकलठाणा सुमारे ७०. चिकलठाण्याहून मुंबईचे विमान पकडायचे तर आधी तासा-दीड तासाची वाट पूर्वेला जायचे, आणि विमान उडाले की तेच अंतर हवेतून मागे, वैजापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने पश्चिमेला. सामान एकदाच सोपवून थेट न्यूयॉर्कला मिळत असेल तर हा वळसा सोयीचा आहे, नाहीतर गाडी बरी. रेल्वेने जायचे तर रोटेगाव स्थानक आहे, तिथून मनमाडमार्गे मुंबई. रस्त्याने समृद्धी महामार्ग जांबरगावला मिळतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. कसाऱ्याचा घाट आता बोगद्यातून पार होतो. तरी आमण्याहून पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक उरतेच, आणि तिथला तास कधी दोन होतो, हे धरून निघावे.

घरून मुंबई विमानतळ साडेचार-पाच तास, विमानाच्या तीन तास आधी हजेरी, सोळा तासांचा ब्लॉक टाइम, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांचा तास-दीड तास. दार ते दार हा प्रवास पंचवीस तासांच्या आसपासचा होतो. त्यातले पाच तास त्या २१५ किलोमीटरसाठी लागतात, ज्यांनी न्यूयॉर्क जवळ येत नाही. तेवढ्या वेळात दोऱ्याच्या वाटेने जाणारे विमान मुंबईहून निघून कझाकस्तानाच्या गवताळ माळावर पोहोचलेले असते.